मुलाखतीची कसोटी

शहरांतील सुशिक्षित घरांत अलीकडे एक नवाच देखावा पहावयास मिळतो. सकाळीं अकराच्या सुमारास एका खोलीचें दार आंतून बंद होतें. स्वयंपाकघरांतील मिक्सर थांबतो, कुकरची शिट्टी होण्यापूर्वींच गॅस बारीक केला जातो, आणि आजीबाई टेलिव्हिजनचा आवाज अगदीं बंद करून नुसतीं चित्रें पहात बसतात. घरांत कोणी आजारी नसतें, कीं कोणाचें अनुष्ठान चाललेलें नसतें. घरांतील मुलाची किंवा मुलीची सॉफ्टवेअर कंपनींतील मुलाखत चालू असते. तासाभरानें दार उघडतें, आणि बाहेर येणाऱ्या चेहऱ्यावरून निकालाचा अंदाज बांधण्याच्या खटपटीला सारें घर लागतें. 'काय विचारलें?' या प्रश्नाला मिळणारें उत्तर वडील मंडळींना बहुधा उमगत नाहीं. 'एक यादी दिली होती, तींतले दोन आंकडे शोधायचे होते,' असें मुलगी सांगते, आणि वडील मनांत म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठीं चार वर्षें इंजिनियरिंग कशाला शिकावें लागतें? बंद दाराआड खरोखर काय चालतें, कशाची पारख होते आणि ती कितपत भरंवशाची असते, हें घरांतल्या माणसांनाही ठाऊक असणें हिताचें आहे.

वडिलांच्या पिढीनें दिलेल्या मुलाखती निराळ्या होत्या. बँकेंत, रेल्वेंत किंवा सरकारी कचेरींत उमेदवाराला नांव, गांव, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय विचारीत. सामान्य ज्ञानाचे दोनचार प्रश्न घालीत. आणि मग 'कळवूं' असें म्हणून निरोप देत. खरी परीक्षा लेखी होऊन गेलेली असे; मुलाखत ही बव्हंशीं ओळख असे. सॉफ्टवेअर कंपनींतील मुलाखत ही प्रत्यक्ष कामाचा नमुना पाहण्याची रीत आहे. सुताराला कामावर ठेवतांना जाणता मिस्त्री त्याच्या प्रशस्तिपत्रांकडे फारसें लक्ष देत नाहीं. त्याच्या हातीं रंधा देतो आणि एक फळी तासावयास सांगतो. रंधा धरण्याची ढब, रेघ मारण्यापूर्वीं माप पुन्हां एकदां घेण्याची संवय, आणि लांकडांत गांठ लागली असतां हात थबकतो कीं तसाच पुढें रेटतो, एवढ्यावरून त्याला माणूस कळतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याची पारखही अशीच व्हावी, हा या मुलाखतीचा मूळ हेतु. तो कितपत साधतो, याचा विचार पुढें येईलच.

प्रथम या मुलाखतीच्या पायऱ्या पाहणें बरें. महाविद्यालयांतून थेट होणाऱ्या भरतींत पहिली पायरी संगणकावरील परीक्षेची असते. तींत अंकगणित, तर्क, इंग्रजी भाषा आणि एखाददुसरा छोटा प्रोग्राम लिहिणें, असे भाग असतात. मुंबईंत १९६८ सालीं स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें २०१८ सालीं देशभर एकच पात्रता-परीक्षा घेण्याची पद्धति सुरू केली. अशा परीक्षांमुळें, ज्या आडवळणाच्या महाविद्यालयांत कंपन्यांचे अधिकारी सहसा जात नसत, तेथील विद्यार्थ्यांनाही संधीचें दार किलकिलें झालें. या परीक्षेच्या चाळणींतून जे उरतात, त्यांची तांत्रिक मुलाखत होते. आणि शेवटीं मनुष्यबळ खात्याचे अधिकारी स्वभाव, अपेक्षा आणि पगार यांविषयीं बोलतात. ज्या कंपन्या स्वतःचें सॉफ्टवेअर घडवून विकतात, तेथें तांत्रिक फेऱ्याच तीन, चार किंवा पांच होतात. प्रत्येक फेरी पाऊण तासाची अथवा तासाची, आणि प्रत्येक वेळीं परीक्षक नवा.

या कसोटीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत संगणक मोठ्या कचेऱ्यांत येऊं लागले, तेव्हां प्रोग्राम लिहिणारीं माणसें आणावयाचीं कोठून, असा पेच पडला. विद्यापीठांतून हा विषय शिकवीत नसत. तेव्हां पदवी पाहून निवड करण्याची सोय नव्हती. १९५५ सालीं आय. बी. एम. कंपनींतील मानसशास्त्रज्ञांनीं प्रोग्रामरची उपजत योग्यता मोजण्यासाठीं एक लेखी चांचणी तयार केली. संख्यांच्या मालिका पुऱ्या करणें, आकृत्यांतील साम्य ओळखणें आणि अंकगणिती उदाहरणें सोडविणें, असे तिचे भाग होते. आजच्या ऑनलाइन परीक्षेंत जे प्रश्न मुलांना पडतात, ते बरेचसे तिच्याच कुळांतले आहेत.

कोडीं घालण्याची प्रथाही याच सुमाराची. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे विल्यम शॉक्ली हे कॅलिफोर्नियांत आपली कंपनी उभारीत होते. १९५७ सालीं जिम गिबन्स नांवाचा तरुण शास्त्रज्ञ त्यांच्यापुढें आला. शॉक्ली यांनीं हातांत घड्याळ धरून त्याला विचारलें : टेनिसच्या स्पर्धेंत १२७ खेळाडू आहेत, हरलेला खेळाडू बाद होतो, विजेता ठरेपर्यंत एकंदर किती सामने खेळावे लागतील? सामान्य माणूस पहिल्या फेरींत त्रेसष्ट सामने, एकाला पुढें चाल, दुसऱ्या फेरींत बत्तीस, अशी बेरीज मांडूं लागेल. गिबन्स यानें क्षणांत उत्तर दिलें : १२६. प्रत्येक सामन्यांत एक खेळाडू बाद होतो. एक विजेता उरावयाचा तर १२६ जण बाद झाले पाहिजेत. म्हणजे सामने १२६. उत्तर बिनचूक होतें. परंतु शॉक्ली खूष होण्याऐवजीं चिडले. हें कोडें यानें आधींच ऐकलें असावें, असा त्यांना संशय आला. कोड्यांच्या पद्धतींतील मूळचें वैगुण्य या पहिल्याच कथेंत उघडें पडतें. कोडें एकदांच उपयोगी पडतें. आणि उत्तर बुद्धीनें आलें कीं कानानें, हें परीक्षकाला कळण्यास मार्ग नसतो.

तथापि पुढें मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनीं ही प्रथा जगभर लोकप्रिय केली. रस्त्यावरील गटाराचें झांकण वाटोळें कां असतें, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रश्न. वर्तुळाची रुंदी सर्व बाजूंनीं सारखी असल्यामुळें वाटोळें झांकण कसेंही फिरविलें तरी तोंडांतून आंत पडत नाहीं, चौकोनी झांकण मात्र कर्णाच्या दिशेनें उभें धरल्यास पडतें, हें त्याचें नेहमींचें उत्तर. विल्यम पाउंडस्टोन या लेखकानें २००३ सालीं अशा प्रश्नांवर एक अख्खा ग्रंथच लिहिला, आणि मग उमेदवार मुलाखतीपूर्वीं कोड्यांचीं उत्तरें पाठ करूं लागले. अखेर २०१३ सालीं गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लाझ्लो बॉक यांनीं न्यूयॉर्क टाइम्स या पत्राला दिलेल्या मुलाखतींत स्पष्ट कबूल केलें कीं, अशा कोड्यांत निव्वळ वेळ फुकट जातो. त्यांवरून उमेदवाराच्या पुढील कामाविषयीं कांहींच अंदाज बांधतां येत नाहीं. प्रश्न विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचें समाधान तेवढें मिळतें. त्यानंतर मोठ्या कंपन्यांतून कोडीं मागें पडलीं आणि प्रत्यक्ष प्रोग्राम लिहून दाखविण्यावर भर आला.

आतां ज्या प्रश्नानें वडिलांच्या मनांत शंका आली, तो प्रश्नच नमुन्यादाखल घेऊं या. असें समजावें कीं एका व्यापाऱ्याच्या वहींत हजार रकमा लिहिलेल्या आहेत. त्यांतील कोणत्या दोन रकमांची बेरीज बरोबर ५,००० होते, तें संगणकाकडून शोधवून घ्यावयाचें आहे. शाळकरी मुलालाही समजेल असा हा प्रश्न. पण मुलाखतीच्या दृष्टीनें त्यांत एक संबंध तास भरेल इतका ऐवज आहे.

चांगली उमेदवार प्रथम लिहावयास घेत नाहीं, विचारावयास घेते. 'सर, परत आलेल्या मालाच्या उणे रकमाही वहींत आहेत काय? एकच रक्कम दोनदां आलेली असूं शकेल काय? अशी जोडी मुळींच नसेल तर काय सांगावयाचें? जोड्या अनेक असल्या तर एक पुरे, कीं सर्व हव्या?' नवख्याला वाटतें, एवढे प्रश्न विचारले तर आपलें अज्ञान दिसेल. वस्तुतः परीक्षक याच प्रश्नांची वाट पहात असतो. पुष्कळदां तो आपला प्रश्न मुद्दाम अर्धवट सांगतो. कारण नोकरींत गिऱ्हाइकाची मागणीही अर्धवटच येते, आणि ती पुरती समजून न घेतां केलेलें काम दोनदां करावें लागतें.

मग येते पहिली, सरळसोट रीत. पहिली रक्कम घ्यावी, ती उरलेल्या प्रत्येकीशीं मिळवून पहावी. मग दुसरी घ्यावी, आणि असेंच पुढें. हजार रकमांच्या एकंदर ४,९९,५०० जोड्या होतात. संगणक तेवढ्या क्षणांत पाहील. पण परीक्षक हळूच म्हणतो, 'वहींत एक लाख रकमा असल्या तर?' आतां जोड्यांची संख्या सुमारें ५०० कोटींवर जाते. रकमा शंभरपट झाल्या, काम मात्र दहा हजार पटींनीं वाढलें. येथें उमेदवाराच्या ध्यानीं यावें कीं ही रीत चूक नाहीं, परंतु वाढत्या कामाला पुरणारी नाहीं.

दुसरी रीत अशी. वही एकदांच वरून खालीं वाचीत जावयाची. प्रत्येक रकमेपाशीं थांबून ५,००० मधून ती वजा करावयाची, आणि 'ही उरलेली रक्कम आपण आधीं पाहिली आहे काय?' एवढेंच विचारावयाचें. १,८०० ही रक्कम आली तर शोधावयाची ३,२००. पाहिलेल्या रकमा एका अशा तक्त्यांत टिपून ठेवावयाच्या कीं कोणतीही रक्कम त्यांत आहे कीं नाहीं, हें सारा तक्ता न चाळतां एका नजरेंत कळावें. असे तक्ते बनविण्याची युक्ति संगणकशास्त्रांत अगदीं प्राथमिक मानली जाते. एवढें केलें म्हणजे लाख रकमांना सुमारें लाखच पायऱ्या पुरतात. परंतु तक्त्याला संगणकाच्या स्मृतींत जागा लागते. वेळ वांचला, तो जागा खर्चून. ही देवघेव उमेदवारानें आपण होऊन बोलून दाखविली तर परीक्षकाच्या टिपणांत तिच्या बाजूनें एक मोठी नोंद पडते. शेवटीं, २,५०० ही रक्कम वहींत एकदांच असेल, तर आपली रीत तिला तिच्याशींच मिळवून खोटें उत्तर देणार नाहीं ना, हें तिनें तपासून पाहिलें, म्हणजे रेघ मारण्यापूर्वीं माप पुन्हां घेणाऱ्या सुताराची संवय तिच्या अंगीं आहे, असें ठरतें.

लहान गोष्टींत एवढी खबरदारी कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्यावर एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. वर्णानुक्रमानें लावलेल्या यादींतून एक नांव शोधावयाचें असेल तर यादी मधोमध उघडावी, नांव पुढें कीं मागें तें पहावें, आणि नको असलेला अर्धा भाग सोडून द्यावा. शब्दकोश पहातांना सर्वजण थोड्याफार फरकानें हेंच करतात. या रीतीनें दहा लाख नांवांतून हवें तें नांव वीस पायऱ्यांत सांपडतें. कल्पना इतकी सोपी. पण जॉन बेंटली या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें धंदेवाईक प्रोग्रामरांना हीच रीत लिहावयास दिली, तेव्हां दोन तास मिळूनही बहुसंख्यांच्या लिखाणांत चुका निघाल्या. त्याहून नवल असें कीं, जगभर वापरल्या जाणाऱ्या जावा या भाषेच्या ग्रंथालयांतील याच रीतीच्या प्रोग्राममध्यें एक चूक वर्षानुवर्षें दडून राहिली होती, हें जोशुआ ब्लॉक यांनीं २००६ सालीं उघड केलें. यादी अतिप्रचंड असली म्हणजे मध्य काढतांना होणारी बेरीज संगणकाच्या मापांत मावत नसे, आणि उत्तर उणे येई. सोप्या कामांतील चूक अशी दिसत नाहीं, म्हणून ती अधिक घातक. यास्तव मुलाखतींत सोपे प्रश्न विचारतात, आणि ते किती काळजीपूर्वक सोडविले, इकडे पाहतात.

या सर्व व्यवहारांत उमेदवाराला सर्वांत जड जाणारी गोष्ट निराळीच आहे. त्याला विचार मोठ्यानें करावा लागतो. आपल्या शाळांतून मुलांना परीक्षेच्या दालनांत गप्प बसावयास शिकवितात. उत्तर पुरें झाल्याशिवाय तोंड उघडूं नये, असेंच वळण असतें. मुलाखतींत हें वळण नडतें. दहा मिनिटें मौन पाळून अकराव्या मिनिटाला बरोबर उत्तर लिहिणारा मुलगा, आणि दहा मिनिटें गोंधळून बसलेला मुलगा, हे दोघे परीक्षकाला सारखेच दिसतात. जो बोलत असतो, त्याची वाट चुकली तर परीक्षक सूचना देऊं शकतो. आणि दिलेली सूचना उमेदवार कशी घेतो, हेंही तो पहात असतो. मराठी माध्यमांतून शिकलेल्या मुलांची आणखी एक अडचण असते. त्यांच्या मनांत विचार मराठींत चालतो, बोलावयाचें इंग्रजींत असतें. त्यामुळें दोन कामें एकदम करावीं लागतात आणि जिभेचा अडखळा बुद्धीचा अडखळा म्हणून मोजला जाण्याचें भय राहतें.

हें भय काल्पनिक नाहीं. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांतील आणि मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनीं २०२० सालीं ४८ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना परीक्षकाच्या देखत, मोठ्यानें बोलत, फळ्यावर प्रश्न सोडवावयास सांगितला. उरलेल्यांना तोच प्रश्न तशाच फळ्यावर, पण एकांतांत. ज्यांच्यावर नजर होती त्यांची कामगिरी एकांतांतल्यांच्या जवळजवळ निम्मीच भरली. त्या प्रयोगांत परीक्षकापुढें बसलेल्या सर्व स्त्रिया नापास झाल्या आणि एकांतांत बसलेल्या सर्व स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. स्त्रियांची संख्या थोडी होती, म्हणून त्यावरून मोठा सिद्धांत बांधूं नये, हें खरें. तरीपण फळ्यापुढील परीक्षा ही पुष्कळ अंशीं धीटपणाची परीक्षा होऊन बसते, एवढें त्यावरून निश्चित दिसतें. रोजच्या कामांत प्रोग्रामर एकटा बसून, ग्रंथ व जुनें लिखाण हाताशीं घेऊन काम करतो. पाठीशीं उभ्या असलेल्या परक्या माणसापुढें तो क्वचितच लिहितो.

तांत्रिक प्रश्नांनंतर येतात अनुभवाचे प्रश्न. 'सहकाऱ्याशीं मतभेद झाला असा एखादा प्रसंग सांगा,' 'तुम्ही केलेल्या कामांत चूक निघाली तेव्हां काय केलें?' अशा प्रश्नांत सुभाषितें ऐकावयाचीं नसतात. घडलेली हकीकत हवी असते : प्रसंग कोणता, काम काय होतें, उमेदवारानें स्वतः काय केलें, आणि शेवट काय झाला. येथें आपल्याकडील मुलांची एक सुसंस्कृत संवय आडवी येते. चार मित्रांनीं मिळून महाविद्यालयांत एखादा प्रकल्प केला असेल, तर चांगल्या घरचा मुलगा 'आम्हीं केलें' असें म्हणतो; 'मीं केलें' म्हणणें त्याला अहंपणाचें वाटतें. परीक्षकाला मात्र त्या 'आम्हीं'मधला नेमका हा मुलगा कोणता, तें कळत नाहीं. आपला वाटा तेवढा सांगणें ही बढाई नव्हे. याच्या उलट, बायोडेटांत न येणाऱ्या भाषांचीं आणि न केलेल्या कामांचीं नांवें घालणारे उमेदवारही असतात. त्यांचें पितळ दुसऱ्यातिसऱ्या प्रश्नालाच उघडें पडतें. कारण परीक्षक बहुधा उमेदवारानें स्वतः लिहिलेल्या ओळींवरच बोट ठेवून पुढें जातो. 'हें मला ठाऊक नाहीं. पण शोधावयाचें झालें तर येथून सुरुवात करीन,' हें उत्तर अशा वेळीं खोट्या आत्मविश्वासापेक्षां कितीतरी मोलाचें ठरतें.

एवढें करून ही कसोटी कितपत खरी? मानसशास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. मुलाखतींत मिळालेले गुण आणि पुढें प्रत्यक्ष कामांत दिसलेली योग्यता, यांचा संबंध ते शून्य ते एक या मापानें मोजतात. शून्य म्हणजे संबंध नाहीं, एक म्हणजे तंतोतंत मेळ. १९९८ सालीं श्मिट व हंटर या अमेरिकन संशोधकांनीं ८५ वर्षांतील अभ्यास एकत्र करून, ठराविक प्रश्न व ठराविक गुणपद्धति असलेल्या मुलाखतीचें माप ०·५१ आणि मनाला येईल तसे प्रश्न विचारलेल्या मुलाखतीचें ०·३८ असें काढलें. २०२२ सालीं सॅकेट आणि त्यांचे सहकारी यांनीं तेच हिशेब नव्यानें तपासले, तेव्हां पहिलें माप ०·४२ आणि दुसरें अवघें ०·१९ वर आलें. सर्वांना तेच प्रश्न विचारून, आधीं ठरविलेल्या निकषांवर गुण देणें हीच सर्व पद्धतींत त्यांतल्या त्यांत उत्तम. पण तीही एकाच्या पुष्कळ अलीकडे थांबते. गूगलनें स्वतःच्या मुलाखतींचा हिशेब केला, तेव्हां चार मुलाखतींनंतर निर्णयाविषयीं ८६ टक्के खात्री होते आणि त्यापुढील मुलाखतींनीं फारशी भर पडत नाहीं, असें आढळलें. म्हणजे उत्तम व्यवस्था असूनही चुकीला जागा राहतेच.

आणि ती चूक दोन्ही बाजूंनीं सारखी होत नाहीं. नालायक माणूस एकदां आंत आला कीं त्याच्या चुका इतरांना निस्तराव्या लागतात. लायक माणूस बाहेर राहिला तर कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाहीं. म्हणून शंका आली तर नकार द्यावा, असा उपदेश न्यूयॉर्क येथील प्रोग्रामर व लेखक जोएल स्पोल्स्की यांनीं २००० सालीं आपल्या प्रसिद्ध लेखांत केला, आणि पुष्कळ कंपन्या त्याच धोरणानें चालतात. त्यामुळें चांगले उमेदवार गळतात, हें परीक्षकांनाही ठाऊक असतें. मॅक्स हॉवेल यांनीं लिहिलेला होमब्रू नांवाचा प्रोग्राम असंख्य प्रोग्रामर नित्य वापरतात. तरीही एका मोठ्या कंपनीच्या मुलाखतींत फळ्यावरील प्रश्न न सुटल्यामुळें आपणांस नकार मिळाला, असें त्यांनीं २०१५ सालीं जाहीरपणें सांगितलें, तेव्हां या धंद्यांत मोठीच चर्चा झाली. नकार आला म्हणजे मुलाला कांहीं येत नाहीं, असा निष्कर्ष घरांतल्या माणसांनीं काढूं नये, याला यापरतें सबळ कारण नको.

यंत्राच्या हातीं ही पारख सोंपविली तर पक्षपात टळेल, अशी एक आशा होती. ॲमेझॉन कंपनीनें अर्जांची छाननी करणारा प्रोग्राम तयार करून पाहिला. त्याला दहा वर्षांतील जुने अर्ज शिकवावयास दिले होते. त्यांत पुरुषांचेच अर्ज फार, म्हणून तो स्त्रियांशीं संबंध दाखविणारे शब्द असलेल्या अर्जांचे गुण कापूं लागला. तो प्रयोग कंपनीनें सोडून दिला, असें रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. जुन्या निवडींतला दोष यंत्रानें इमानानें उचलला. दुसरीकडे, २०२० च्या साथीपासून मुलाखती घरबसल्या पडद्यावर होऊं लागल्या, आणि पुढें प्रश्न ऐकतांच उत्तर लिहून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं साधनें उमेदवारांच्या हातीं आलीं. परीक्षकाकडे तोंड आणि साधनाकडे डोळे, असे प्रकार वाढले. म्हणून निदान एक फेरी समोरासमोर घेण्याकडे आपली कंपनी वळत असल्याचें गूगलचे प्रमुख सुंदर पिचई यांनीं २०२५ सालीं सांगितलें. उसन्या उत्तरानें नोकरी मिळालीच तरी तें काम उद्यां स्वतःलाच करावयाचें असतें, हें त्या उमेदवारांना कोणीतरी सांगावयास हवें.

तेव्हां घरानें काय करावें? मुलाखतीच्या दिवशीं मिक्सर बंद ठेवावा, हें ठीकच आहे. पण त्याहून मोठें साहाय्य आधींच्या पंधरवड्यांत करतां येतें, आणि त्याला संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. रोज संध्याकाळीं अर्धा तास मुलीला तिचा एखादा प्रश्न मोठ्यानें समजावून सांगावयास लावावें. ऐकणारी आजी असली तर फारच उत्तम. कारण 'म्हणजे काय ग?' असें विचारण्याची तिला भीड वाटत नाहीं. व्यापाऱ्याच्या वहीचें उदाहरण आजीला मराठींत पटलें, कीं तेंच दुसऱ्या दिवशीं इंग्रजींत सांगावें. भाषा अडखळेल, पण विचार अडखळणार नाहीं. आणि कोणी पहात असतांना बोलण्याची भीति घरच्या घरीं थोडी मोडेल. एखाद्या मित्रानें परीक्षकाची जागा घेऊन घड्याळ लावलें तर आणखी बरें.

आणि दार उघडून ती बाहेर येईल, तेव्हां 'झालें का काम?' हा प्रश्न टाकूं नये. त्याचें उत्तर तिला ठाऊक नसतें. तें दुसऱ्या कोणाच्या टिपणांत असतें. 'प्रश्न काय होता, आणि तूं कसा सोडविलास?' एवढें विचारावें. ती सांगूं लागेल. सांगतां सांगतां कदाचित् मध्येंच थांबेल, आणि खोलींत जी गोष्ट सुचली नाहीं ती येथें, पानाच्या ताटाशीं बसल्यावर सुचेल. ती वाया जात नाहीं. पुढल्या आठवड्यांत आणखी एक दार बंद व्हावयाचें असतें, आणि त्या दाराआड ती तिच्या उपयोगीं पडते.